पाण्यात पाहणारी माणसं

झाग्रेब, ११ फेब्रुवारी

येर्को,

पाकीट उघडण्याआधीच अक्षर ओळखलं असशील. पोस्टातल्या बाईने तर मागचं नाव धक्क्यावरच्या चारचौघांत मोठ्याने वाचलंही असेल, म्हणजे हे पत्र तू न वाचता चुलीत घातलंस तरी तादियाने भावाला लिहिलं हे गावाला कळलंच. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतोस. नऊ वर्षांत तीनदा ठेवलास. पत्राचं तसं नसतं, ते फेकायलाही आधी हातात घ्यावं लागतं.

भांडण उकरायला लिहीत नाही. एक काम आहे.

मी घरात खाऱ्या पाण्याची टाकी लावतोय. काचेच्या पेटीत मासे पाळतात तसलीच, पण समुद्राच्या पाण्याची. हसायचं ते हसून घे. जन्मभर ज्यांची पोटं फाडली त्यांना आता बैठकीच्या खोलीत सांभाळायचं, असं तू म्हणशील, आणि म्हणशील ते खरंच आहे. पण सातव्या मजल्यावर माणसाला काहीतरी उद्योग हवा. इथे खिडकीतून दिसतो तो समोरचा सातवा मजला.

पेटी एकशेवीस लिटरची आहे. पाचव्या मजल्यावरच्या माणसाला तिचा कंटाळा आला होता, ती मी वर आणली. तुझ्या विन्कावहिनीच्या मावशीच्या ओकच्या कपाटावर ठेवली. सपाटी बघायला वर ब्रँडीचा ग्लास काठोकाठ भरून ठेवला आणि कपाटाखाली पुठ्ठे सरकवत गेलो, आपण बोटीच्या इंजिनासाठी करायचो तसंच. सपाटी जुळल्यावर ग्लास वाया घालवला नाही. मग नळाचं पाणी भरून आठवडाभर ठेवलं. गळत नाही.

आता अडलंय ते पाण्यावर. इथे मिर्ना नावाची मुलगी आहे, तिचं माशांचं दुकान आहे. ती मला पिशवीतलं मीठ विकायला निघाली. समुद्राचं मीठ, जर्मनीत बनवलेलं. मी म्हटलं, पोरी, आमच्या घराच्या भिंती बोटाने पुसल्या तरी आमटीपुरतं मीठ निघायचं, मला मीठ विकतेस? ती म्हणाली, मग आजोबा, खरं पाणी आणा, पण भर समुद्रातलं, धक्क्याजवळचं नको. ती काय जाणे. तिने समुद्र बघितलाय तो उन्हाळ्याच्या सुट्टीत.

तर मला आपलं पाणी हवंय. वीस-वीस लिटरचे सहा डबे. आपल्याच उतारावरचं, जिथे आपण होड्या ओढून घ्यायचो तिथलं, डाव्या हाताला झाऊचं झाड पाण्यावर वाकलंय त्याच्या खालचं. दुसरीकडचं नको. सोबत शेवाळलेले चार-सहा दगड, शंखात राहणारे थोडे खेकडे, आणि खडकावरचे आपले लाल टोमॅटो दोन-तीन. पाण्याबाहेर मांसल गोळा आणि पाण्यात फूल, ते समुद्रफुलाचे जीव. ओल्या शेवाळात गुंडाळून बरणीत घातलेस तर दिवसभर जगतील. गुरुवारी स्रेच्कोची बस फेरीबोटीवरून इकडे येते, तो सामानाच्या कप्प्यात ठेवेल. माझं त्याच्याशी बोलणं झालंय.

विन्का ठीक आहे.

तादिया


झाग्रेब, २ मार्च

येर्को,

तीन गुरुवार बसस्थानकावर जाऊन आलो. स्रेच्को लांबूनच मान हलवतो. या गुरुवारी म्हणाला, "तादियाशेठ, तुमचा भाऊ पत्र खिशात घेऊन फिरतो. मी विचारलं काही न्यायचं का, तर म्हणाला, बस सांभाळून चालव." म्हणजे तू वाचलंस. बरं झालं.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. विन्का ठीक नाही.

आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, हॉस्पिटलची गाडी येते आणि तिला मशीनला लावायला नेते. चार तास तिचं रक्त बाहेर काढून धुतात आणि परत घालतात. परत येते तेव्हा धुतलेल्या चादरीसारखी पांढरी असते आणि थंडीने कुडकुडत असते. दिवसाला अर्धा लिटर पाणी, त्यात सूपही धरायचं. मीठ बंद. मी बटाटे दोनदा उकडतो, पाणी फेकतो आणि तिच्यासमोर तो लगदा ठेवतो. तिने कधी ताट ढकललं नाही, पण नववर्षाच्या दिवशी चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "तादिया, ईस्टरपर्यंत जाते मशीनला. त्यानंतर नाही. मला घरी ने."

घरी म्हणजे तुमच्याकडे. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सहा तासांचा प्रवास या हृदयाला झेपणार नाही, आणि झेपला तरी बेटावर मशीन कुठे आहे? मला माहीत होतंच. म्हणून तर आलो होतो इथे. दक्षिणेकडून युगो वारा सुटला की फेरीबोट बंद, आणि विन्का सुजून सुजून डोळे मिटेपर्यंत आपण दोघं धक्क्यावर उभे राहून दक्षिणेला शिव्या घालायचो, ते तू विसरला नसशील. दोनदा तर तूच तिला आपल्या बोटीतून घेऊन गेलास.

बोटीचं मी बोललो नव्हतो, पण आता निघालंच. पेरिना माझ्या नावावर होती. सरकार जुन्या बोटी मोडायला पैसे देत होतं, मी सही केली, त्यावर इथे बिऱ्हाड मांडलं. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाला असतास, आणि तू नाही म्हटल्यावर मला हिंमत झाली नसती. आईच्या नावाची बोट होती ती. आपल्याच उतारावर यंत्राने तिची बरगडी अन् बरगडी मोडली. तू हात बांधून शेवटपर्यंत उभा होतास, आणि मी दहा मिनिटांत घरात गेलो. मला वाटतं तुझा राग सहीवर नाही, त्या दहा मिनिटांवर आहे.

तू मला पाण्यात पाहतोस, ते मला कबूल आहे. पण विन्काला तसं पाहू नकोस.

मी तिला म्हटलं, तुला समुद्राकडे नेता येत नाही तर समुद्र इथे आणतो, पलंगाच्या उशाशी. तोवर मशीन सोडू नकोस. ती कोपरावर टेकून जरा उठली. मग म्हणाली, "पाणी कोण पाठवणार? येर्को? येर्कोने पाणी पाठवलं तर मी जाईन मशीनला. आणि तुम्ही दोघं त्या पेटीसमोर एका बाकावर बसलेले दिसेपर्यंत जाईन."

असा तिचा करार आहे. मला सांगायचा नव्हता, पण तू पत्र खिशात घेऊन नुसता फिरतोयस.

तादिया


झाग्रेब, २८ मार्च

येर्को,

सहा डबे पोचले. चिठ्ठी नव्हती. एका डब्यावर कोळशाने लिहिलं होतंस, "उतारावरचं. सांगितलंस तसं." नऊ वर्षांनी भावाने तीन शब्द लिहिले, तेही डब्यावर. मी तो डबा अजून धुतला नाही.

टाकी भरली. पहिल्या दिवशी पाणी दुधासारखं गढूळ, दुसऱ्या दिवशी तळाचे खडे दिसले, तिसऱ्या दिवशी सकाळी विन्काने हाक मारली. आवाजावरून मला वाटलं तिला काही होतंय. ती उशीवर रेलून बघत होती. तुझ्या टोमॅटोंपैकी मोठा उघडला होता. तिने बोट तोंडावर ठेवून मला गप्प केलं, जणू मी पाऊल आपटलं तर तो मिटेल.

पंप आणि गाळणी चालू केली तेव्हा मात्र तिने मला सोडलं नाही. नळीतून पाणी बाहेर येतं, गाळणीतून जातं, परत टाकीत पडतं. ती म्हणाली, "शाबास. समुद्रालाही मशीनला लावलंस." मिर्ना पाणी तपासायला आली होती, तिला हसावं का रडावं कळेना. मिर्ना म्हणते, अजून पाच-सहा आठवडे काही घालू नका, पाणी मुरायला वेळ लागतो, घाई केली की सगळं मरतं. मला घाई नाहीच. सहा आठवडे म्हणजे विन्काचे अठरा फेरे.

ती गेल्यावर विन्काने टाकीत बोट बुडवलं आणि चाटलं. मी ओरडलो, मीठ आहे ते. ती म्हणाली, "एक थेंब, तादिया. त्याने काय मरतेय. आपलंच आहे."

शुक्रवारी गाडीत न कुरकुरता बसली. ईस्टरनंतरचं आता बोलत नाही. फक्त रोज विचारते, येर्को बघायला कधी येणार. मी सांगतो, सध्या त्याचं रंगकाम चालू असेल, गावभरच्या होड्या त्याच्याच उतारावर येतात, ते संपलं की येईल. खोटं पाडू नकोस मला. बाकावर बसायला तुला माझ्याशी बोलावं लागणार नाही. तोंड टाकीकडे करून बसायचंय.

सहा डबे तू एकट्याने उचललेस का? पाठीचं औषध घेतोस की अजून ब्रँडी चोळतोस?

तादिया


झाग्रेब, १४ एप्रिल

येर्को,

सगळं मेलं.

आधी खेकडे शंख सोडून बाहेर आले. नागडे, मऊ, वाळूवर पडले. शंखातला खेकडा शंख कधी सोडत नाही हे तुला मी सांगायला नको. मग दगडावरचं शेवाळ पांढरं झालं. टोमॅटो मिटले ते उघडलेच नाहीत, परवा एकेक करून दगडावरून घसरले आणि त्यांचा चिकट गोळा झाला. खोलीत वास सुटला. विन्काने खिडकी उघडू दिली नाही. म्हणाली, असू दे, धक्क्यावर याहून वाईट वास असायचा. पण रात्रभर भिंतीकडे तोंड करून होती.

मिर्नाने नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. नळी निळी पडली. तिने दुसऱ्यांदा केलं, तरी निळीच. म्हणाली, "तांबं आहे, आजोबा. माशाला एकवेळ चालतं, पण शंख-खेकड्यांना आणि फुलांना हे विष. दगडही फेका, ते तांबं धरून ठेवतात."

तांबं. आपण दोघांनी चाळीस वर्षं बोटींच्या पोटाला जो लाल रंग फासला, त्यात काय असतं ते मला शिकवू नकोस. शिंपले-शेवाळ चिकटू नये म्हणून, चिकटेल ते मरावं म्हणून. त्याच रंगाच्या डब्यात तू पाणी भरलंस. की ब्रश धुतलास त्यात? तुला तेवढंच करायचं होतं. पत्र तीन आठवडे खिशात ठेवून तू हेच शिजवत होतास.

आपल्या गावच्या ‘दिश्पेत’ला, त्या खुन्नशीला, माझा सलाम. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा, ही आपली बेटावरची शेती, द्राक्षांहून जुनी. मी तुझी बोट मोडली, तू माझी टाकी मारलीस. हिशोब मिटला म्हणत असशील. पण बघत कोण होतं ते तुला माहीत होतं. तुला मी लिहिलं होतं, तरी तू केलंस. आई असती तर तुझ्या हातचं पाणी प्यायली नसती.

सगळं धुऊन काढतोय, व्हिनेगरने. विन्का म्हणाली, "टाकी रिकामी झाली, आता मलाही सोड." मी तिला म्हटलं, येर्को परत पाठवतोय. तेवढं खोटं तुझ्यासाठी बोललो, तुझी लाज राखायला.

हे गार व्हायच्या आत पोस्टात टाकतो.

तादिया


झाग्रेब, १७ एप्रिल

येर्को,

चौदा तारखेचं पत्र तुला मिळालं असेल. त्यात काय लिहिलं ते विन्काला कळलं. तिने विचारलं नव्हतं, मीच सांगितलं, फुशारकीने. तिला वाटावं की तिच्या बाजूने कुणीतरी भांडतंय.

ती हसायला लागली. येर्को, किती महिन्यांनी हसली, आणि हसता हसता खोकायला लागली, मी पाणी द्यायला गेलो तर हातानेच नको म्हणाली, मोजून पितेय म्हणाली. मग म्हणाली, "तू त्याला सांगितलंस उतारावरचं आण. दुसरीकडचं नको म्हणालास. त्या उतारावर तुमच्या बापाने बोटी खरवडल्या, तुम्ही खरवडल्या, लाल चुरा झाडूने पाण्यात लोटलात. पेरिना तिथेच मोडली. मार्च महिना, गावभरची रंगरंगोटी. आणि तुला हवं होतं नेमकं तिथलं पाणी. मूर्खा, ती पोरगी तुला सांगत होती ना?"

मी उठून तो न धुतलेला डबा बघितला. "उतारावरचं. सांगितलंस तसं."

झाऊखाली सावली असायची, विन्का तिथे पाय पाण्यात सोडून बसायची, आपल्याला जेवणाचा डबा घेऊन यायची, तेवढंच मी धरून बसलो. तिथे आपण काय करायचो ते आठवलं नाही. ज्या हातांनी रंग फासला त्यांना आठवलं नाही, आणि दोष द्यायची वेळ आली तेव्हा मात्र लगेच आठवलं.

चूक झाली असं मी लिहितोय हे बघून घे, पुन्हा दिसणार नाही. लाज तुझी नव्हती. आईचं मी काढायला नको होतं. तुला पुन्हा डबे भर म्हणणार नाही. एकदा नुसता ये. रिकाम्या टाकीसमोर बसू.

उद्या सकाळी टाकतो.

तादिया


झाग्रेब, ४ मे

येर्को,

हे पत्र पोस्टात जाणार नाही. परवा तुला पुरलं.

स्रेच्कोने मला बसस्थानकाजवळ गाठलं, मी टोमॅटो घ्यायला, म्हणजे भाजीचे टोमॅटो, तिथल्या बाजारात गेलो होतो. म्हणाला, तुमचं सामान आहे. सहा डबे. मी म्हटलं, मी काही मागवलं नव्हतं. तो डबे उतरवत राहिला, माझ्याकडे बघत नव्हता.

मग त्याने सांगितलं. आठवडाभर युगो होता. गुरुवारी सकाळी थोडा पडला, पण बाहेर लाटा होत्याच, आणि तू तुझी होडी घेऊन दीपगृहाच्या पलीकडे गेलास, एकटा, भर समुद्रात, पाठ तशी. सहा डबे भरलेस. बाहेरच्या खडकावरून दगड, खेकडे आणि पाच टोमॅटो काढलेस. धक्क्यावर चार माणसं मदतीला आली, तू कुणाला हात लावू दिला नाहीस. एकेक डबा स्वतः उचलून बसपर्यंत नेलास. शेवटचा दिलास, टोपी काढून घाम पुसलास आणि स्रेच्कोला म्हणालास, "तादियाला सांग, आता मोज म्हणावं." मग दोर बांधायच्या खांबावर जाऊन बसलास. फेरीबोट निघाली तेव्हा स्रेच्कोला वाटलं तू त्यांना निरोप देत बसलायस. बस अर्ध्या वाटेवर असताना त्याला फोन आला.

माझं सतरा तारखेचं पत्र माझ्या कोटाच्या खिशात आहे. उद्या टाकतो म्हणून लिहिलं, आणि सकाळी पोस्टाच्या पेटीसमोर उभं राहून वाटलं, थांब जरा, आधी तो काय म्हणतो ते येऊ दे. त्याने शिव्या दिल्या की मग टाकू. चूक कबूल करायची तीही शिवी खाल्ल्यावर, म्हणजे फुकट गेली असं वाटायला नको. तेरा दिवस ते माझ्या छातीवर होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर दोन्ही सुंभ होते.

तुझ्या मातीला मी आलो नाही. शनिवारी यायचं तर शुक्रवारी निघावं लागलं असतं, आणि विन्काला काय सांगून निघणार होतो? तिचा करार मला माहीत आहे. दोघं एका बाकावर दिसेपर्यंत. ज्या दिवशी तिला कळेल त्या दिवशी ती मशीन सोडेल. म्हणून आलो नाही. डबे वर आणले, पाणी भरलं आणि तिला म्हटलं, बघ, पाठवलं येर्कोने. ती म्हणाली, "भांडून का होईना, पाठवलं." तिचा चेहरा उजळला. मी स्वयंपाकघरात जाऊन बटाट्याचं पाणी फेकत राहिलो.

मोजलं नाही मी. मिर्नाची नळी मांडणीवर आहे, हात लावला नाही. तुझं पाणी मोजायला मी कोण?

तादिया


झाग्रेब, १२ जुलै

येर्को,

तुझं पाणी मुरलं. दगडांवर गुलाबी थर धरलाय, खेकडे रात्रंदिवस भांडतात, पाचही टोमॅटो उघडे असतात. त्यातल्या मोठ्या टोमॅटोने गेल्या आठवड्यात तोंडातून पिल्लं बाहेर टाकली, मसुराच्या दाण्याएवढी, लाल. विन्काने मोजली, सात. त्यातलं एक काचेवरच चिकटलंय, तिच्या उशीसमोर, ती त्याच्याशी बोलते.

तिची तब्येत उतरतेय. आता गाडीपर्यंत खुर्चीतून न्यावं लागतं. आणि रोज तोच प्रश्न. आधी मी सांगायचो, येर्कोची द्राक्षांची फवारणी चालू आहे. मग पाठ. मग बसचा संप. मी टाकीसमोर बाक आणून ठेवलाय, दोन माणसांचा, त्याच्या एका टोकाला मी बसतो. सवयीने मधे बसलो तर ती म्हणते, "सरक, त्याची जागा आहे."

काल तिने माझ्याकडून तुला पत्र लिहवून घेतलं. ये म्हणून नाही. लिहिलंय, "येर्को, येता येत नसेल तर दोन ओळी लिही, तादियाला. मला त्या ऐकायच्यात."

मी ते पत्र टाकलं, तिच्यासमोर, खिडकीतून ती बघत होती म्हणून. आता तुझ्या नावाने उत्तर मलाच लिहायचंय. तुझं अक्षर मला येतं, शाळेत तुझे धडे मीच लिहून द्यायचो. काय लिहू ते सांग.

तादिया


झाग्रेब, २१ जुलै

येर्को,

उत्तर लिहिलं मी. तीन दिवस लागले. रविवारी तिला वाचून दाखवलं, मग तिने स्वतः हातात घेतलं, चष्मा लावून.

असं लिहिलं होतं: "तादिया, जे झालं ते झालं. बोट लाकडाची होती, आपण एका आईची मुलं. पाण्याचं मनात ठेवलं नाही, तूही ठेवू नकोस. सही केलीस ते विन्कासाठी केलीस, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी तुला माफ केलं. हिवाळ्यात येतो. येर्को."

तिने दोनदा वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिलं.

"हे येर्कोचं नाही."

"अक्षर बघ की," मी म्हटलं.

"अक्षर त्याचंच आहे. पण येर्को माफ करत नाही. येर्को डबा उचलतो." मग तिने विचारलं, "कधी गेला?"

मी टाकीकडे बघत होतो. म्हणालो, तीस एप्रिल. तिने चष्मा काढला. मग हळूहळू म्हणाली, "डबे आले त्या दिवशी तू बटाटे तीनदा उकडलेस. मला वाटलं होतं काहीतरी आहे. मी विचारलं नाही. मीही तशीच."

मी तिला सगळं सांगितलं. माझं खिशातलं पत्रही सांगितलं. तिने माझा हात धरला नाही की ती माझ्यावर रागावलीही नाही. फक्त विचारलं, "जाताना काही म्हणाला?"

"म्हणाला, तादियाला सांग, आता मोज म्हणावं."

ती हसली, येर्को. अगदी थोडं, पण दात दिसले. "हे येर्कोचं," म्हणाली. "मग मोजलंस का?"

मी नाही म्हटलं. पण ती लगेच ‘मोज’ म्हणाली नाही. म्हणाली, "उद्या गाडी येईल ती परत पाठव."

मी खूप बोललो. मिर्नाचं नाव घेतलं, पिल्लांचं नाव घेतलं, अजून सात मोठी व्हायचीत म्हटलं. मला एकटं टाकून चाललीस असंही बोललो, ते बोलायला नको होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बाकावर दोघं बसलेले बघायचे होते. ते आता होत नाही. तुला दमवत ठेवून मी कशासाठी जगू, तादिया? मलाही दमायला झालंय."

काल सोमवार. गाडी आली. ड्रायव्हर खुर्ची घेऊन वर आला, त्याला मी दारातून परत पाठवलं. डॉक्टरांचा फोन आला, तो तिने स्वतः घेतला, शुद्धीत आहे, सही करते म्हणाली. आठवडा म्हणाले, फार तर दहा दिवस.

आज दुपारी तिने खारवलेले सार्डिन मागितले. नऊ वर्षांनी. मी खालून आणले, पाव कापला, वर तेल घातलं. दोन खाल्ले तिने, बोटं चाटली, भरून ग्लासभर पाणी प्यायली, आणि मी न मोजता भरून दिलं. मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं, पण रडलो. ती म्हणाली, पुरे, आधीच खारट आहे.

मग म्हणाली, "आता मोज."

मी मिर्नाची नळी काढली. टाकीतलं पाणी रेघेपर्यंत भरलं, पाच थेंब टाकले, हलवलं. पाच मिनिटं थांबायचं असतं. मी बाकावर माझ्या टोकाला बसलो. ती नळीकडे बघत होती, मीही.

पाणी होतं तसंच राहिलं. निळ्याचा मागमूस नाही.

शून्य आहे, येर्को.

तादिया